वडिलांचे ईपीएस निवृत्तिवेतन, भावाचा ईएसआय लाभ आणि आत्यांचे निराधार अनुदान: या तिन्हींत नेमका फरक काय?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरात तीन जणांना दरमहा सरकारी यंत्रणेमार्फत पैसे मिळतात आणि त्या तिन्ही रकमांविषयी घरात व शेजारात इतका गोंधळ झाला आहे, की जाणकारांकडून एकदा नीट समजून घ्यावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वडिलांनी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत 1996 ते 2016 अशी वीस वर्षे मोल्डिंगमध्ये काम केले. 58 वर्षे पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले, भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्यांना एकरकमी मिळाली आणि तेव्हापासून ईपीएस-95 योजनेचे 1,980 रुपये दरमहा त्यांच्या बँक खात्यात जमा होतात. माझा धाकटा भाऊ गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. तेथे अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. त्याला कर्मचारी राज्य विमा योजनेतून, म्हणजे ईएसआयमधून, दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि तो आता त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये काम करतो. शेजारच्याच खोलीत माझ्या विधवा आत्या राहतात. त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून 1,500 रुपये मिळतात.

काही दिवसांपूर्वी तालमीजवळच्या कट्ट्यावर कोणीतरी वडिलांना म्हणाले की, "तुमचे अख्खे घरच सरकारच्या पैशावर चालले आहे." बोलणाऱ्याने ते सहज म्हटले असेल, पण वडिलांच्या मनाला ते फार लागले. आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, आता म्हातारपणी ही वेळ नको, असे म्हणून ते हयातीचा दाखला द्यायलाच तयार नाहीत. त्याच वेळी दुसरे एक गृहस्थ सांगतात की वडिलांनी वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचाही अर्ज भरावा, कारण हे सगळे एकच आहे. भावाला त्याचे सहकारी घाबरवतात की पगार चालू असताना अपंगत्वाचे पैसे घेणे हा गुन्हा आहे. आणि हे सगळे ऐकून आत्या गप्प गप्प राहू लागल्या आहेत.

माझे विचारणे असे आहे की, या तीन रकमांचा स्वभाव एकच आहे की वेगवेगळा, आणि वेगळा असेल तर तो कोणत्या नियमांमुळे? मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवीन, म्हणून कृपया शक्य तितके स्पष्ट लिहावे.

हिशेबनीस_कागल

मी एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये अनेक वर्षे पीएफ आणि ईएसआयची कागदपत्रे पाहिली आहेत, म्हणून आधी पैशाचा उगम सांगतो, कारण फरकाची सुरुवात तेथूनच होते.

ईपीएस म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. ती 16 नोव्हेंबर 1995 पासून सुरू झाली. कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यातून जी 12 टक्के कपात होते ती पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या पीएफ खात्यात जाते. मालकही तेवढाच हिस्सा भरतो, आणि त्यातले 8.33 टक्के निवृत्तिवेतन निधीत जातात. केंद्र सरकार त्यात वेतनाच्या 1.16 टक्के भर घालते. ही सर्व गणना एका वेतनमर्यादेपर्यंतच होते. ती मर्यादा पूर्वी 6,500 रुपये होती आणि 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये झाली. म्हणजे तुमच्या वडिलांनी भट्टीसमोर घाम गाळला त्या प्रत्येक महिन्याला त्यांच्या नावाने या निधीत भरणा झाला आहे. तो मालकाच्या हातून झाला, हे खरे. पण ती रक्कम त्यांच्या कामाच्या मोबदल्याचाच भाग होती, कारण त्यांनी काम केले नसते तर मालकाने ती भरलीच नसती.

आता 1,980 हा आकडा कसा आला ते पाहा. ईपीएसचे सूत्र असे आहे की निवृत्तिवेतनयोग्य पगाराला निवृत्तिवेतनयोग्य सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि 70 ने भागायचे. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. 20 वर्षे किंवा त्याहून अधिक सेवा करून 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत 2 वर्षे वाढवून धरतात. तुमच्या वडिलांची सरासरी 6,300 रुपयांच्या आसपास असावी असे मला वाटते, कारण 6,300 गुणिले 22 भागिले 70 याचे उत्तर बरोबर 1,980 येते. या सूत्रात घरात किती माणसे कमावतात, शेती किती आहे, घर स्वतःचे की भाड्याचे, मुलगा पैसे देतो की नाही, यांपैकी एकही गोष्ट कोठेच येत नाही. पगार आणि सेवा, एवढेच विचारले जाते. उद्या त्यांना दहा एकर बागायत वारसाने मिळाली तरी यातला एक रुपयाही कमी होणार नाही.

यात एक मात्र समजून घ्यायला हवे. हा निधी सामाईक आहे, प्रत्येकाची वेगळी तिजोरी नाही. कोणी निवृत्तीनंतर दोन वर्षांत जातो, कोणी नव्वदीपर्यंत जगतो, आणि दोघांनाही ज्याचे त्याचे आयुष्य असेपर्यंत निवृत्तिवेतन मिळते. म्हणून "मी भरलेलेच पैसे मला परत मिळतात" असे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने पूर्ण बरोबर नाही. हा विमा आहे. विम्यात भरणा आणि लाभ यांची रक्कम माणसागणिक जुळत नसते, तरीही ज्याच्या नावाने हप्ता भरला गेला त्याचा लाभावर नियमाने हक्क असतो.

तुमच्या भावाच्या बाबतीतही तत्त्व हेच आहे, फक्त प्रसंग वेगळा आहे. ही योजना 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आली. 1 जुलै 2019 पासून कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के असे अंशदान घेतले जाते, आणि 2017 पासून 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार यात येतात. कामावर असताना इजा झाली तर किती महिने अंशदान भरले हे पाहिले जात नाही. कामाला लागलेल्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी संरक्षण असते. इजेमुळे कमाईची क्षमता किती टक्के घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते, आणि वेतनाच्या 90 टक्क्यांच्या हिशेबाने येणाऱ्या पूर्ण दराचे तेवढे टक्के त्याला आयुष्यभर मिळतात. कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास 30 टक्के क्षमता घटते असे धरले आहे. रोजचे सरासरी वेतन 500 रुपये असेल तर पूर्ण दर 450 आणि त्याचे 30 टक्के म्हणजे 135 रुपये रोज.

आणि आता जे सहकारी त्याला घाबरवतात त्यांना हे जरूर सांगा: हा कायम अपंगत्वाचा लाभ कामावर परत गेल्यामुळे बंद होत नाही. तो बेकारीचा भत्ता नाही. अंगठा गेल्यामुळे त्याच्या हातातली जी कमाई कायमची कमी झाली, तिची ती भरपाई आहे, आणि तो स्टोअरमध्ये पगार मिळवतो म्हणून अंगठा परत येत नाही. त्याने पगार लपवण्याची काहीही गरज नाही.

आत्यांच्या 1,500 रुपयांचा स्वभाव खरोखर वेगळा आहे. संजय गांधी निराधार योजना महाराष्ट्र शासनाची, 1980 पासूनची. तिचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे आपण सर्व जण भरतो त्या करांतून येतो. आत्यांच्या नावाने आधी काही भरलेले असावे अशी अट नाही. अट आहे ती गरजेची: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे, अपंग अर्जदारांसाठी 50,000 च्या आत. वय, वैधव्य, अपंगत्व, दुर्धर आजार, महाराष्ट्रातील 15 वर्षांचे वास्तव्य, हे सर्व पाहून तालुक्याच्या पातळीवर मंजुरी मिळते. परिस्थिती सुधारली की अनुदान बंद होऊ शकते. वडिलांच्या आणि आत्यांच्या दोघांच्याही बाबतीत हयातीचा दाखला मागितला जातो, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटते. परंतु उत्पन्नाचा दाखला फक्त आत्यांकडे मागितला जातो, वडिलांकडे नाही. फरक ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे.

सुमन_करवीर

वरील माहिती बरोबर आहे आणि ती इतक्या नीटपणे मांडल्याबद्दल हिशेबनीस काकांचे आभार. मी करवीर तालुक्यात निराधार आणि श्रावणबाळचे अर्ज भरून द्यायला मदत करते, म्हणून आत्यांच्या बाजूने थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते.

वडिलांची समजूत घालताना एक काळजी घ्या. "तुमचे कष्टाचे आहे, आत्याचे मदतीचे आहे" एवढेच सांगून थांबलात तर वडिलांचा मान राहील, पण शेजारच्या खोलीत बसलेल्या आत्या अजून खाली मान घालतील. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी जन्मभर काम न केलेली बाई मला क्वचितच भेटते. कोणी ऊस भांगलला, कोणी दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारी केली, कोणी चार घरची धुणीभांडी केली, कोणी इचलकरंजीला यंत्रमागाच्या कांड्या भरल्या. त्यांच्या कामाची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये झाली नाही, एवढेच. भविष्य निर्वाह निधीचा कायदा मुळात 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे आणि ईएसआय 10 किंवा अधिक कामगारांसाठी. चार मागांच्या शेडमध्ये काम करणारी बाई आणि घरकाम करणारी बाई या दोन्ही आकड्यांच्या बाहेरच राहते. तिच्या नावाने कोणी 8.33 टक्के भरले नाहीत आणि म्हणून म्हातारपणी तिला सूत्र लावायला आकडाच नाही.

त्यामुळे वडील एका बाजूला आणि आत्या दुसऱ्या बाजूला, याचे कारण एकाने कष्ट केले आणि दुसरीने केले नाहीत असे नाही. एकाच्या कष्टाची नोंद ठेवणारा मालक आणि कायदा होता, दुसरीच्या कष्टाची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. मला हा फरक पैशाच्या उगमाइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्या वडिलांनाही तो पटेल, कारण त्यांनी आपल्या बहिणीचे कष्ट डोळ्यांनी पाहिले असतील.

आणखी एक. 21,000 रुपयांची मर्यादा वर्षाची आहे, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. ही मर्यादा कित्येक वर्षे बदललेली नाही आणि आज त्या रकमेत घर चालत नाही, हे कोणालाही दिसते. ती वाढवावी अशी मागणी आम्ही सातत्याने करत आलो आहोत. अनुदानाची रक्कम 1,000 वरून 1,500 झाली, दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर 2025 पासून 2,500 केली गेली, हे चांगलेच झाले; पण दरवाजाची रुंदी तेवढीच ठेवून आतले ताट वाढवले तर बाहेर राहणारे बाहेरच राहतात.

शिरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. आत्यांविषयी जे लिहिले ते वाचताना मला आठवले की त्या लग्नानंतर कितीतरी वर्षे गुऱ्हाळावर कामाला जात होत्या, आणि ते आमच्या घरात कधी कोणी कामात धरलेच नाही.

दोन गोष्टी अजून समजत नाहीत. पहिली, श्रावणबाळ योजनेचे काय? वडिलांचे वय 65 च्या पुढे आहे. दुसरी, माझे एक मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते सांगतात की त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी पगारातून कधीच कपात झाली नाही आणि पैसे सरकारी तिजोरीतूनच येतात. मग भरणा हाच कसोटीचा मुद्दा असेल तर मामांचे निवृत्तिवेतन कोणत्या बाजूला जाईल? मी वडिलांना हे सांगायला गेलो तर ते नेमका हाच प्रश्न विचारतील.

मिरजकर_तिकटी

मी वकिली करतो. मामांचे उदाहरण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारे आहे, कारण "पगारातून कापले गेले म्हणून हक्क, नाही कापले म्हणून मदत" ही विभागणी कायद्याला मान्य नाही.

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी पगारातून वर्गणी घेतली जात नसे. भविष्य निर्वाह निधीत जे कापले जाई ती त्यांची स्वतःची बचत होती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही हीच पद्धत लागू झाली. त्यानंतर लागलेल्यांसाठी अंशदानाची पद्धत आली. तरीही जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने दोन वेळा ठामपणे सांगितले आहे. 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की निवृत्तिवेतनाचा हक्क ही मालमत्ता आहे आणि ते देणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून नाही. पुढे 17 डिसेंबर 1982 रोजी डी. एस. नाकरा यांच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की निवृत्तिवेतन हे पूर्वी केलेल्या सेवेबद्दल दिले जाते, ती बक्षिसी नाही. देशभरचे निवृत्त कर्मचारी 17 डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात तो याच निकालामुळे.

म्हणून कसोटी अशी मांडावी: लाभ देताना कायदा मागे वळून पाहतो की आजूबाजूला पाहतो? मामांच्या बाबतीत तो मागे पाहतो: किती वर्षे सेवा, शेवटचे वेतन किती. वडिलांच्या बाबतीतही मागे पाहतो: किती वर्षे नोंद, किती पगार. भावाच्या बाबतीत तो अपघाताच्या दिवसाकडे आणि त्या वेळच्या वेतनाकडे पाहतो. आत्यांच्या बाबतीत मात्र तो आजच्या घराकडे पाहतो: उत्पन्न किती, आधार कोणाचा. पहिल्या तिघांचा लाभ सेवेतून उगवतो, आत्यांचा लाभ गरजेतून. सेवा ही घडून गेलेली गोष्ट असल्यामुळे ती कोणी पुसू शकत नाही. गरज मात्र पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, आणि आत्यांच्या मार्गातला खरा त्रास तोच आहे.

राज्यघटनेतही हे दोन विषय निरनिराळ्या ठिकाणी आहेत. सातव्या अनुसूचीत सामाजिक विमा, भविष्य निर्वाह निधी, कामगारांची नुकसानभरपाई आणि अपंगत्व व वार्धक्य निवृत्तिवेतन हे समवर्ती सूचीत, 23 आणि 24 या नोंदींमध्ये आहेत. अपंग आणि काम करण्यास असमर्थ असलेल्यांना साहाय्य हा विषय राज्य सूचीत 9 व्या नोंदीत आहे. त्याखेरीज अनुच्छेद 41 राज्याला सांगतो की बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत उपलब्ध करून द्यावा. हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्याच्या आधारे थेट न्यायालयात रक्कम मागता येत नाही, आणि सरकार निर्णय काढून अनुदानाची रक्कम किंवा अटी बदलू शकते. परंतु एकदा योजना जाहीर केली आणि अर्जदार अटींत बसत असेल तर अधिकाऱ्याला मनाला वाटेल तसे नाकारता येत नाही, कारण अनुच्छेद 14 तेथे लागू होतो. म्हणून आत्यांचे अनुदान ही भीक आहे असे म्हणायला कायद्यात कोठेही आधार नाही. घटनाकारांनी त्यासाठी हक्क हाच शब्द वापरला आहे.

राजारामपुरी_7वी_गल्ली

माझी नोकरीची बरीच वर्षे न्यू जर्सीत गेली आणि आता मी कोल्हापुरात परतले आहे. तेथेही लोकांची याच प्रकारची गल्लत होते, म्हणून थोडी भर घालते.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा 14 ऑगस्ट 1935 रोजी झाला. पगारातून 6.2 टक्के कामगाराचे आणि 6.2 टक्के मालकाचे कापले जातात. निवृत्तीच्या लाभासाठी 40 क्रेडिट, म्हणजे साधारण 10 वर्षांचे काम, नोंदलेले असावे लागते. 1956 मध्ये त्यात अपंगत्वाचा विमा आला. याहून वेगळा एसएसआय नावाचा कार्यक्रम जानेवारी 1974 पासून सुरू झाला. तो वृद्ध, अंध आणि अपंग अशा गरजू लोकांसाठी आहे, त्याचा पैसा सर्वसाधारण करांतून येतो आणि एकट्या माणसाजवळ 2,000 डॉलरपेक्षा जास्त मोजण्यायोग्य मालमत्ता असली तर तो मिळत नाही. सोशल सिक्युरिटीच्या लाभाला मालमत्तेची अशी अट नाही. दोन्ही कार्यक्रम एकच खाते चालवते, त्यामुळे तेथील शेजारीही वृद्धांना तुमच्या कट्ट्यावरच्या माणसासारखेच बोलतात.

परंतु वकीलसाहेबांनी जे लिहिले त्याच्या नेमकी उलट एक गोष्ट तेथे आहे. 1960 मध्ये फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की अनेक वर्षे कर भरला म्हणून सोशल सिक्युरिटीचा लाभ मालमत्तेच्या हक्कासारखा होत नाही. संसद कायदा करून तो बदलू शकते. तेथे पगारातून भरूनही हक्क मालमत्तेइतका पक्का नाही आणि आपल्याकडे जुन्या शासकीय निवृत्तिवेतनात न भरताही तो मालमत्ता मानला गेला. भरणा आणि हक्क यांचे नाते देशागणिक कायद्याने ठरते, ते आपोआप ठरत नाही, हे मला तेथे राहून कळले.

भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेविषयी परस्पर करार नसल्यामुळे 10 वर्षे पूर्ण न करता परतलेल्या कित्येक भारतीयांचे तेथे कापले गेलेले पैसे निवृत्तीच्या लाभाच्या दृष्टीने वाया जातात. आपल्या ईपीएसमध्येही निवृत्तिवेतनासाठी 10 वर्षांची अट आहे. पण त्याआधी नोकरी सुटली तर निधीतून काही रक्कम काढता येते किंवा सेवा पुढे जोडण्यासाठी योजना प्रमाणपत्र घेता येते. या बाबतीत आपली व्यवस्था कामगाराला अधिक न्याय देणारी आहे, असे माझे मत आहे.

हिशेबनीस_कागल

श्रावणबाळचा प्रश्न राहून गेला होता. त्या योजनेसाठी वय 65 किंवा अधिक आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. वडिलांचे ईपीएसच वर्षाला 23,760 रुपये होते, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही कमाईचा विचार न करता ते मर्यादेच्या बाहेर आहेत. वीस वर्षे फौंड्रीत काम केल्यामुळे मिळालेले 1,980 रुपये त्यांना 1,500 च्या योजनेबाहेर ठेवतात. यात त्यांची चूक नाही, पण नियम आज असा आहे. म्हणून जे गृहस्थ अर्ज भरायला सांगत आहेत त्यांचे ऐकून चुकीचा उत्पन्नाचा दाखला काढू नका. सुमनताईंनी मर्यादेविषयी लिहिले ते मला पूर्ण पटते.

भावाच्या बाबतीतही एक सावधगिरी सांगतो. ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाचे टक्के आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के या दोन वेगळ्या मोजणी आहेत. पहिली कमाईची क्षमता मोजते, दुसरी शरीराची विकलांगता. एकीचा कागद दुसरीकडे चालत नाही. निराधार योजनेत दिव्यांग म्हणून बसायला किमान 40 टक्के विकलांगता आणि 50,000 च्या आतले कौटुंबिक उत्पन्न लागते. तो पगार घेतो, त्यामुळे उत्पन्नाच्या अटीतच तो बसणार नाही. ईपीएसमध्येही अपंगत्वाचे निवृत्तिवेतन आहे आणि त्याला 10 वर्षांची अट नाही, परंतु ते नोकरीत असताना कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व आले तरच मिळते. अंगठा गमावल्यावर तो काम करू शकतो, म्हणून ते त्याला लागू नाही. त्याच्यासाठी ईएसआयचा लाभ हाच योग्य मार्ग आहे आणि तो त्याला मिळतोच आहे.

आईविषयी तुम्ही काही विचारले नाही, तरी सांगणे गरजेचे वाटते. ईपीएसमध्ये निवृत्तिवेतनधारकाच्या पश्चात पत्नीला त्याच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. 1,980 चे निम्मे 990 होतात. परंतु 1 सप्टेंबर 2014 पासून किमान निवृत्तिवेतन 1,000 रुपये असल्यामुळे आईंना 1,000 मिळतील, आणि वरचे 10 रुपये केंद्र सरकारच्या अनुदानातून येतील. वडिलांनी विचारलेच तर हे उदाहरण त्यांना दाखवा. त्या 10 रुपयांमुळे आई निराधार ठरत नाहीत आणि उरलेल्या 990 रुपयांचे मूळ वडिलांच्या वीस वर्षांतच राहते. दोन्ही प्रकारचा पैसा एकाच खात्यात, एकाच महिन्यात, एकाच माणसाला मिळू शकतो.

हे मिळण्यासाठी वडिलांच्या निवृत्तिवेतन आदेशावर, म्हणजे पीपीओवर, आईंचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे बरोबर आहे का ते आताच पाहून घ्या. नावात एका अक्षराचा फरक असला तरी पुढे हेलपाटे पडतात, आणि ती दुरुस्ती वडिलांच्या सहीने करणे फार सोपे असते. हयातीचा दाखला बँकेत, सेवा केंद्रात किंवा घरच्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो आणि तो दिल्यापासून 12 महिने चालतो. मध्यंतरी निवृत्तिवेतन थांबले असेल तर दाखला दिल्यावर थकलेल्या महिन्यांची रक्कमही मिळते, त्यामुळे आतापर्यंत उशीर झाला असला तरी नुकसान झालेले नाही. बँकेत जाल तेव्हा आत्यांनाही बरोबर न्या आणि त्यांच्या खात्याला आधार जोडलेला आहे का ते विचारा. निराधारचे पैसे आता थेट खात्यात येतात आणि तेवढ्या एका कारणाने अनेकांचे अनुदान अडकून पडते.